ज्याचा माल, त्याचा खोळंबा

सरकारच्या हिशेबात मालट्रक दिवसाला 200 किलोमीटर चालतो. मालासोबतच्या जीएसटी ई-वे बिलाची मुदत याच मापानं ठरते. आधी हे माप 100 किलोमीटरचं होतं, 1 जानेवारी 2021 पासून ते दुप्पट झालं. भिवंडीहून साधारण 1,400 किलोमीटरवरच्या दिल्लीला निघालेल्या मालाला त्यामुळे सात दिवसांची सवड मिळते. माल मागवणारा मात्र तीन दिवसांवर थांबायला तयार नसतो, आणि घाईचं पार्सल असेल तर त्याला तेही जास्त वाटतात. आता यात कामगार कायदा घालून बघा. लांब पल्ल्याच्या चालकाकडून दिवसाला फार तर 10 तास काम घ्यावं, असं 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा म्हणत होता. घाट, टोलनाके, गावं-शहरं धरून ताशी 40 किलोमीटर पडले, तर दिवसाचे 400 होतात आणि दिल्ली चौथ्या दिवशी दिसते. थोडक्यात, सरकार मालाला सात दिवस देतं, माणसाला चार लागतात आणि गिऱ्हाईक तीनच कबूल करतं. राहिलेला एक दिवस चालकाच्या झोपेतून काढला जातो.

तो 1961 चा कायदा वाचला तर वाईट नव्हता. एरवी दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48. लांबच्या मार्गावर 10 आणि 54. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट मजुरी. सगळं होतं. फक्त तो पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. आपल्याकडे रस्त्यावरचे बरेचसे ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे, हप्त्यावर घेतलेले, आणि पुष्कळदा मालकच स्टिअरिंगवर बसलेला. तो स्वतःला जादा कामाची दुप्पट मजुरी कुठून देणार? नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक हवेत, अशी अट केंद्रीय नियमांत होती. तीही पुढे निघाली. क्लीनरही आता बऱ्याच गाड्यांवर दिसत नाही. केबिनमध्ये एकटा माणूस, आणि त्याला जागं ठेवायला चहा, तंबाखू आणि मोबाइलवरची गाणी. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा जुना कायदा विलीन झाला, पण एका गाडीच्या मालकाला त्यातून काय मिळणार, हा प्रश्न विलीन झालेला नाही.

शिक्षेचं प्रमाणही बघावं. 1961 च्या कायद्यानुसार चालकाला ठरल्यापेक्षा जास्त राबवलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड होता. उलट अपघातात माणूस दगावला आणि चालक न कळवता पळून गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये दहा वर्षांपर्यंत कैद. त्याविरुद्ध जानेवारी 2024 च्या पहिल्याच दिवसांत चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर हलेनात आणि गावोगावच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. मग ते कलम तूर्त लागू न करण्याचं ठरलं. जखमीला टाकून पळणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण शेवटच्या क्षणाला दहा वर्षं आणि त्याआधीच्या बिनझोपेच्या रात्रींना 500 रुपये, हा तोल कोणत्या तराजूतला?

सेव्हलाइफ फाउंडेशननं 2020 मध्ये ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. चालक दिवसाला सरासरी बारा तासांच्या आसपास गाडी चालवतात आणि 417 किलोमीटर कापतात, असं तीत आढळलं. जवळजवळ निम्म्यांनी दमलेलं किंवा झोप आलेली असतानाही चालवत राहतो, असं सांगितलं. ताशी पस्तीसेक किलोमीटरचा हा वेग शर्यतीचा नव्हे. तरीही घाई होते, कारण निघायलाच उशीर झालेला असतो.

हा उशीर कुठे होतो, ते बघायचं तर कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या गोदामाबाहेर सकाळी उभं राहावं. गाडी पहाटे पोचलेली असते. गेटवर नोंद होते, कागद आत जातात आणि ‘नंबर लागला की सांगतो’ एवढं उत्तर मिळतं. मग डॉक रिकामा नाही, सुपरवायझर मीटिंगमध्ये आहे, जेवणाची सुट्टी झाली, बिलात एक आकडा चुकला, माल अजून पॅकिंगमध्येच आहे. चालकाला झोपता येत नाही, कारण रांग अधूनमधून दोन गाड्यांनी पुढे सरकते आणि डुलकीत नंबर गेला तर पुन्हा शेवटी. संडास आत असतो आणि चालकाला आत सोडत नाहीत. दुपार उलटल्यावर गाडी भरते किंवा खाली होते. त्याच संध्याकाळी फोन येतो, ‘निघालास का? उद्या दुपारपर्यंत पोच दे.’ दिवसभर तो कामावर होता की नाही? ट्रान्सपोर्टवाला म्हणेल, नुसता बसून होता.

तो 1961 चा कायदाही जवळपास तसंच म्हणत होता. त्यातली कामाच्या तासांची व्याख्या सुरुवातीला उदार होती. मालकाच्या किंवा ज्याला सेवा मागायचा हक्क आहे त्याच्या हुकमतीखाली असलेला वेळ तो कामाचा वेळ. पण टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा मुद्दा आला की ती व्याख्या पंधरा मिनिटांपेक्षा कमी काळच उल्लेखत होती. बहुधा एसटी स्टँडवरचा चालक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं असावं. त्याची गाडी दहा-बारा मिनिटांनी सुटते. कंपनीच्या गेटवरचा दिवस या वाक्यात मावत नाही.

भरीला शहरं. अवजड वाहनांना दिवसाच्या ठरावीक वेळात शहरबंदी असते, त्यामुळे गाडी वेशीवर थांबते. नागरिक म्हणून मला ती बंदी हवीच आहे. शाळा सुटायच्या वेळी गल्लीत चौदा चाकी ट्रेलर नको. पण तिचा परिणाम असा की चालक तापलेल्या केबिनमध्ये दुपार काढतो आणि शरीराला झोप सर्वांत जास्त हवी असते त्या मध्यरात्र ते पहाटेच्या वेळात स्टिअरिंग धरतो. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनं बंद होतात, तेव्हा असे दिवसच्या दिवस जातात. रजाही नाही आणि हजेरीही नाही. पोलिसांच्या घड्याळाला दंड आहे, जीएसटीच्या घड्याळाला दंड आहे, गिऱ्हाइकाचं घड्याळ भाड्यातून पैसे कापतं. चालकाच्या तासांचं घड्याळ तेवढं कुणी बघत नाही.

म्हणून ते घड्याळ गाडीत बसवा, हा उपाय सुचवला जातो. अमेरिकेनं तो केला. तिथे दहा तासांच्या विश्रांतीनंतर चौदा तासांच्या आत फार तर अकरा तास चालवता येतं, आणि डिसेंबर 2017 पासून हा हिशेब इंजिनाला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्रात ठेवणं सक्तीचं आहे. वहीतली खोटी नोंद अवघड झाली. पण पुढच्या अभ्यासात दिसलं की, छोट्या कंपन्यांच्या चालकांत वेगमर्यादा मोडण्यासारखे गुन्हे वाढले आणि अपघात घटल्याचा पुरावा मिळाला नाही. यात नवल नाही. चौदा तासांचं घड्याळ एकदा सुरू झालं की गोदामाच्या दारातही चालूच राहतं. तिथे गेलेले तास रस्त्यावर भरून काढायचे, तर पाय ॲक्सिलरेटरवर जाणारच. त्याच देशाच्या वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी 2018 मध्ये अंदाज मांडला होता की, मालाच्या चढउतारीसाठी थांबण्याचा सरासरी वेळ पंधरा मिनिटांनी वाढला, तर अपघातांचा दर 6.2 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे अपघाताची एक कळ स्टिअरिंगपासून दूर, गोदामाच्या दारात आहे.

जपाननं ही कळ ओळखली. एप्रिल 2024 पासून तिथे ट्रकचालकांच्या जादा कामावर वर्षाला 960 तासांची मर्यादा आली. माल पडून राहील, अशी धास्ती देशभर होती. पण त्यांनी फक्त चालकाचे तास कापले नाहीत. थांबणं आणि चढउतार मिळून दोन तासांत उरका, असं माल-मालकांना सांगितलं. चालकांना अकारण ताटकळत ठेवणाऱ्या कंपन्यांवर नजर ठेवायला 2023 मध्ये तपासनीसांचं खास पथक नेमलं, ‘ट्रक जी-मेन’ त्याचं नाव. चौकशी ट्रकवाल्याची नव्हे, ज्याचा माल त्याची.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा महाराष्ट्रातल्याच ट्रकवाल्यांच्या तोंडची आहे. वाराई आणि हमालीचा भुर्दंड गाडीवाल्यानं का सोसायचा, हा त्यांचा जुना वाद. त्याही आधी, 1969 मध्ये, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून माथाडी कायदा आला. ठरावीक मालक नसलेल्या, आज या दारात तर उद्या त्या दारात राबणाऱ्या माणसासाठी मंडळ निघालं. माल-मालकांनी मजुरीसोबत लेव्ही भरायची आणि त्यातून भविष्य निर्वाह, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. त्या मंडळांत आज काय बिघडलं आहे, यावर दुसरा लेख होईल. पण तत्त्व पक्कं होतं. मालक ठरावीक नसला, तरी श्रमाचा लाभ घेणारा ठरावीक असतो. त्याच डॉकवर माथाडी पोतं उचलतो आणि दहा पावलांवर चालक ताटकळतो. एकाचा घाम हिशेबात आला, दुसऱ्याचा वेळ आला नाही.

तो हिशेबात आणायला नवं यंत्र लागत नाही. फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा आहे, म्हणजे गाडी कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेली ते नोंदलेलं आहे. मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांना जीपीएस आहे. चालक ढाब्यावर वीस मिनिटं जास्त थांबला, तर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून फोन येतो. तीच नोंद सलग चौदा तास चाललेली गाडी दाखवते, तेव्हा मात्र फोन येत नाही. चालकांचे तास ठरवावेत आणि झोप ओळखणारी यंत्रं बसवावीत, असं नितीन गडकरींनी 2021 मध्ये म्हटलं होतं. नव्या ट्रकांना वातानुकूलित केबिनची सक्तीही झाली. ती चांगलीच गोष्ट आहे, फार आधी व्हायला हवी होती. पण थंड केबिनमधला माणूस आणखी दोन तास चालवू शकेल, असा हिशेब कुणी लावला, तर तीही फुकट जाईल.

‘दहा तासांत हप्ता निघत नाही,’ असं एका गाडीचा मालक म्हणतो, आणि ते खरं आहे. त्याच्या गाडीला तासांचं बंधन घाला आणि बाकी सगळं तसंच ठेवा, तर तो एक तर नियम मोडेल, नाही तर गाडी विकेल. म्हणून क्रम उलटा हवा. आधी गेटवरच्या थांबण्याला दर लावा. पहिले दोन तास फुकट, पुढच्या प्रत्येक तासाचे पैसे भाड्याबरोबर, आणि ते बिल्टीवर छापलेले. तासाला पैसे पडू लागले की डॉक रिकामा करायची युक्ती मॅनेजरांना आपोआप सुचते. गाड्या लवकर सुटतील, फेऱ्या वाढतील, आणि मग दहा तासांत हप्ता निघायची काही तरी शक्यता तयार होईल. माल थोडा महागेल का? महागेल. आज ती किंमत चालकाच्या घरचे भरतात, एवढाच फरक.

हा अंक वाचणाऱ्यांत चाकण, वाळूज, सातपूर, तळोजा इथल्या कारखान्यांत डिस्पॅच किंवा स्टोअर सांभाळणारे पुष्कळ असतील. कायदा येईपर्यंत थांबू नका. तुमच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये गाडी आत आल्याची वेळ आहे, बाहेर पडल्याचीही आहे. या दोन्ही वेळा पोहोच पावतीवर लिहा आणि त्यावर कंपनीचा शिक्का मारा. गेटजवळ चालकांसाठी एक संडास उघडा, आणि रांगेऐवजी नंबराची चिठ्ठी द्या, म्हणजे आपली पाळी येईपर्यंत त्याला झोपता येईल.