संशोधकाचे अन्न आणि त्याचे ऋण

संशोधकाला मिळणारा पैसा दान मानायचा, मजुरी मानायची की ऋण, हा भारतीय धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. फेलोशिप, संशोधन अनुदान, शिष्यवृत्ती ही आजची नावे. त्यांच्या मुळाशी मात्र तीनच गोष्टी ठरवायच्या असतात: पैसा मुळात कोणाचा, देणाऱ्याने त्याबदल्यात काय मागावे, आणि घेणारा कोणाचे देणे लागतो. ही उत्तरे चुकली की देणारा मालक होतो आणि घेणारा मिंधा. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील कळंबच्या परिसरात कित्येक घरांतली पहिलीच पिढी आता विद्यापीठाच्या पायरीशी पोहोचते आहे. तिथल्या तरुणासाठी हा प्रश्न पोथीतला नाही. फेलोशिप हाती आली तर त्याचा अभ्यास पुढे सरकतो, नाहीतर शिक्षण अर्ध्यावर सोडून रोजगार शोधावा लागतो.

धर्मशास्त्राने देणाऱ्याचे कौतुक केले, पण घेणाऱ्याला सावध केले. मनुस्मृतीत ब्राह्मणाची सहा कर्मे सांगितली आहेत: अध्ययन, अध्यापन, यजन, याजन, दान आणि प्रतिग्रह. यांपैकी अध्यापन, याजन आणि प्रतिग्रह ही उपजीविकेची साधने. त्यांतही प्रतिग्रह, म्हणजे दान स्वीकारणे, हे सर्वांत हलके मानले आहे. वेतन ठरवून शिकवणाऱ्याला तर श्राद्धाच्या पंगतीतून वगळले आहे. या कठोरपणामागे एक खरी भीती आहे. ज्याच्या हातचे खायचे त्याच्या मनासारखे बोलण्याची सवय लागते, आणि विद्वानाला ही सवय लागली की त्याच्या विद्येवर कोणी विश्वास ठेवत नाही.

वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी हाच प्रश्न अधिक नेमकेपणाने सोडवला. यज्ञात ऋत्विजांना, म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहितांना, दिली जाणारी दक्षिणा हे दान नव्हे, असा जैमिनीच्या परंपरेचा निर्णय आहे. ऋत्विज काम करतो, यजमान त्या कामासाठी त्याला नेमतो आणि दक्षिणा हा त्या नेमणुकीचा मोबदला असतो. दानात देणारा वस्तूवरचा आपला हक्क सोडतो. मोबदल्यात तो काम मागू शकतो. या भेदातून एक मर्यादाही निघते. ऋत्विजाकडून यजमान विधी यथासांग करवून घेऊ शकतो, पण मंत्र बदलून म्हणायला लावू शकत नाही. मंत्र यजमानाच्या मालकीचा नसतो.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला, तिच्याकडून परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान सात्त्विक. परतफेडीवर किंवा फळावर नजर ठेवून, जड मनाने दिलेले राजस. अयोग्य ठिकाणी, अनादराने आणि अपमान करून दिलेले तामस. संशोधनाला पैसा देणाऱ्या प्रत्येक संस्थेने स्वतःला याच कसोटीवर घासून पाहावे. आपल्याला हवा तो निष्कर्ष मिळावा म्हणून दिलेले अनुदान राजस ठरते. रक्कम महिनोन्महिने अडवून ठेवायची आणि संशोधकाला खिडकीखिडकीवर हात जोडायला लावायचे, याला तामस हेच नाव शोभते.

विद्वानाची सोय लावायची आणि त्याला मिंधेही करायचे नाही, यासाठी महाराष्ट्रात फार पूर्वी एक व्यवस्था उभी राहिली होती. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, 3,000 कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नव्हते, वापरायचे होते ते फक्त व्याज. 2,000 कार्षापणांवर दरमहा शेकडा एक व्याज. म्हणजे वर्षाला 240. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे होते. वीस बारे 240, हिशेब तंतोतंत जुळतो. उरलेल्या 1,000 वर शेकडा पाऊण व्याज होते आणि ते भिक्षूंच्या इतर खर्चासाठी. ही व्यवस्था नगरसभेत वाचून दाखवली गेली आणि तिची नोंद झाली. भिक्षूला वस्त्र हवे असले तर दरवेळी दात्याच्या दारी जायचे कारण उरले नाही. पैसा दात्याचा, सांभाळणारी श्रेणी तिसरी आणि उपभोगणारा संघ. या तीन घटकांना वेगळे ठेवणे हाच विद्वानाच्या स्वातंत्र्याचा पाया आहे.

कर्जत तालुक्यातल्याच कोंढाणे लेण्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ एका भग्न मूर्तीपाशी ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख कोरलेला आहे. कण्हाचा अंतेवासी, म्हणजे शिष्य, बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. त्यात राजाचे नाव नाही आणि धनिकाचेही नाही. करणाऱ्याने स्वतःची ओळख सांगितली ती आपल्या गुरूच्या नावाने. कोणीतरी या कामाला पैसा पुरवलाच असणार, पण बलकाने देणे मान्य केले ते विद्या देणाऱ्याचे.

हेच वैदिक परंपरेत ऋणाच्या भाषेत सांगितले आहे. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. ऋषिऋण फिटते ते अध्ययनाने. पैसे परत करून ते फिटत नाही आणि दात्याची स्तुती करूनही नाही. पूर्वसूरींनी मिळवलेले ज्ञान समजून घ्यायचे, तपासायचे, त्यात भर घालायची आणि पुढच्याच्या हाती द्यायचे, एवढीच त्याची फेड.

पैसा मुळात कोणाचा, या प्रश्नालाही मीमांसेने धाडसी उत्तर दिले आहे. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यायचे असते. मग सार्वभौम राजाने पृथ्वीच देऊन टाकावी का? मीमांसकांचे उत्तर नाही असे आहे. भूमी सर्वांची. राजा तिचे रक्षण करतो आणि त्याबद्दल उत्पन्नाचा वाटा घेतो, तेवढाच त्याचा अधिकार. जे स्वतःचे नाही ते देता येत नाही. सरकारी फेलोशिपला हा न्याय लावला की चित्र स्पष्ट होते. ती रक्कम करातून आलेली असते. मंत्री, अधिकारी किंवा कुलगुरू हे तिचे राखणदार आहेत, दाते नव्हेत. म्हणून त्यांनी उपकार केल्याचा आव आणू नये आणि संशोधकानेही उपकृत होऊ नये.

मराठी प्रदेशात या विचाराची खरी परीक्षा झाली ती पुण्याच्या दक्षिणेच्या निमित्ताने. सेनापती दाभाड्यांनी तळेगावात सुरू केलेला श्रावणातला दक्षिणावाटपाचा प्रघात पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवला. शास्त्र्यांची परीक्षा होई, विद्येप्रमाणे रक्कम ठरे. पण पात्रता जातीने बांधलेली होती. घेणारा ब्राह्मणच असायचा. 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर ब्रिटिश प्रशासक एल्फिन्स्टनने ही रक्कम बंद न करता तिचा ओघ शिक्षणाकडे वळवायला सुरुवात केली आणि 1821 मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. 1849 मध्ये गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि त्यांच्यासारख्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना, जात न पाहता, मिळावा. सनातन्यांनी गहजब केला, तेव्हा जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. 1851 मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. पुढे याच पैशातून एल्फिन्स्टन आणि डेक्कन कॉलेजात दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, गोपाळ गणेश आगरकर हे सारे दक्षिणा फेलो. श्रावणातल्या दानाचे संशोधनवृत्तीत रूपांतर झाले, आणि पात्र कोण हे जन्माऐवजी कामावर ठरवण्याची मागणी उघडपणे पुढे आली.

देणाऱ्याने काय मागू नये, याचाही धडा याच काळात मिळतो. रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना त्यांनी एका निबंधात मराठी राज्याची ब्रिटिश राजवटीशी तुलना केली. ती राज्यकर्त्यांना रुचणारी नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखली. ग्रँट यांना रानड्यांच्या बुद्धीविषयी आदर होता, तरीही आपण पोसलेल्या विद्यार्थ्याने आपल्या राज्याला दोष देऊ नये, ही भावना वरचढ ठरली. इथे मोबदला देणाऱ्याने मंत्र बदलून मागितला.

भीमराव आंबेडकरांचे उदाहरण ऋणाची दुसरी बाजू दाखवते. 1913 मध्ये बडोद्याचे संस्थानिक सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. 1917 मध्ये ते बडोद्याला गेले, पण अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागासुद्धा मिळाली नाही आणि काही दिवसांतच ते शहर सोडावे लागले. अर्धवट राहिलेला लंडनचा अभ्यास त्यांनी सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून शिल्लक टाकून, छत्रपती शाहू महाराजांच्या मदतीने आणि मित्राकडून घेतलेल्या कर्जाने पुरा केला. करारातली दहा वर्षे बडोद्यात भरली गेली नाहीत. तरी त्या शिष्यवृत्तीची फेड झाली नाही असे कोण म्हणेल? ती फेड साऱ्या देशाला मिळाली.

फेलोशिपच्या गरजेवरच एक आक्षेप घेतला जातो. खरा विद्वान अनुदानाची वाट पाहत नाही. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी वकिली करत धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड 1930 ते 1962 या काळात सिद्ध केलेच ना? काणे यांची तपश्चर्या वंदनीय आहे. पण तिच्यातून नियम काढता येत नाही. ज्याच्या हाती वकिलीसारखा व्यवसाय आहे त्यालाच हा मार्ग खुला असतो. कळंबच्या आसपासच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर कामाला जातात. त्या घरातल्या मुलाला फेलोशिपशिवाय विद्वान होऊन दाखव म्हणणे म्हणजे विद्येचे दार पुन्हा जन्मावर बंद करणे. ठाकूर आणि कातकरी या आदिवासी समाजांविषयी बाहेरच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले. त्या समाजातला अभ्यासक आपल्या लोकांविषयी स्वतः लिहील तेव्हा त्या ज्ञानाचा कस बदलेल.

आजची व्यवस्था या दृष्टीने तपासावी. विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा 1956 चा. त्याच वर्षी आयोगाचे अध्यक्ष झालेले चिंतामणराव देशमुख हे रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावचे. 1912 च्या मॅट्रिक परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली होती. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळवणाऱ्याला जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये असा दर आहे. घरभाडे आणि आकस्मिक खर्चाची रक्कम वेगळी. अनुसूचित जमातींतील संशोधकांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे आणि तिच्या जागा वर्षाला 750. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या राज्य संस्था फेलोशिप देतात. सामाजिक शास्त्रे, इतिहास आणि तत्त्वज्ञान या विषयांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय परिषदा आहेत.

फेलोशिप शोधणाऱ्याने क्रम सोडू नये. आधी विषय, मग मार्गदर्शक, मग फेलोशिप. फेलोशिप पाहून विषय निवडला की देणाऱ्याची इच्छा अभ्यासात शिरलीच. जातवैधता प्रमाणपत्राचे काम वर्षभर आधी सुरू करावे, कारण अर्जाची मुदत त्यासाठी थांबत नाही. अटींचा कागद सही करण्यापूर्वी शब्दन्शब्द वाचावा. हजेरी, प्रगती अहवाल, खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र या अटी रास्त आहेत. समाजाचा पैसा घेणाऱ्याने वेळेचा आणि पैशाचा हिशेब द्यायलाच हवा. निष्कर्ष आधी दाखवावा, अमुक छापू नये, अमुक गाळावे, अशी अट मात्र कितीही मोठ्या रकमेसाठी मान्य करू नये.

फेलोशिप ही भीक नाही, बक्षीसही नाही. ती समाजाने विद्येसाठी बाजूला काढलेली ठेव आहे. तिच्यातून जेवणाऱ्याने पैसा देणाऱ्या कार्यालयाला हिशेब द्यावा, सत्याला निष्ठा द्यावी, आणि ज्या लोकांच्या जगण्यावर प्रबंध लिहिला त्यांना तो त्यांच्या भाषेत परत द्यावा. कातकरी वाडीवर लिहिलेला प्रबंध इंग्रजीत बांधून विद्यापीठाच्या कपाटात राहिला तर ऋषिऋण अर्धेच फिटले. कळंबच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, वाडीच्या बैठकीत तो मराठीतून वाचला जाईपर्यंत संशोधकाने स्वतःला ऋणमुक्त समजू नये.