ब्रेकर का पडतो?

कराडातल्या एका घरात दहा-अकरा वर्षांचा जुना डेस्कटॉप होता. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार-चार जीबीच्या दोन रॅम आणि एक टीबीची हार्ड डिस्क. बाबांच्या दुकानाचे हिशेब त्यावर होते आणि मुलांच्या बारशापासून आजीच्या पंचाहत्तरीपर्यंतचे सगळे फोटोही त्यावरच होते.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा सपोर्ट संपला. विंडोज 11 घ्यायची तर इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर हवा आणि टीपीएम 2.0 हवं. ओळखीचे सगळे म्हणाले, नवाच घ्या. इंजिनिअरिंगला असलेला थोरला मात्र म्हणाला, "चालतं मशीन भंगारात कशाला घालायचं? लिनक्स टाकू."

त्याने तयारी नीट केली. सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले. विंडोजला हात न लावता शेजारी थोडी जागा रिकामी करून घेतली. लिनक्स मिंट तिथे बसवायचं, ते सुरळीत सुरू झालं की विंडोजचा भाग पुसून टाकायचा, असं ठरलं.

इन्स्टॉलेशन सुरू झालं, फाइली कॉपी होऊ लागल्या आणि मध्येच सगळं थांबलं. इनपुट-आउटपुट एरर, क्रमांक 5. खाली सल्लाही होता: डिस्क खराब असेल, हार्ड डिस्क जुनी झाली असेल, किंवा मशीन जरा थंड जागी हलवून बघा. आईने टेबलफॅन आणून लावला. पुन्हा तेच.

मग अंदाजांची रांग लागली. मिंट सोडून उबुंटू, उबुंटू सोडून डेबियन. जुना पेनड्राइव्ह टाकून नवा आणला. एका रात्री थोरल्याने बायोसमध्ये शिरून सिक्युअर बूट बंद केलं, डिस्कचा मोड बदलला, बूटची पद्धतही बदलली, सगळं एका दमात. लिनक्स बसलं नाहीच, वर विंडोजही उघडेना. यातल्या कशाने काय झालं, हे त्याला सांगता येईना. एकेक सेटिंग मागे घेत पहाट झाली.

बाबा वैतागले. "फुकटच्या वस्तूचं असंच असतं. विंडोजने कधी असं अडवलं होतं का?" अधूनमधून निळा पडदा येई तो सगळ्यांच्या सवयीचा झाला होता, बटण दाबून परत चालू केलं की काम सुरू. आता हार्ड डिस्कच बदलायची, असं बाबांनी ठरवलं आणि किमती विचारून ठेवल्या.

भाऊबीजेला आत्या आली. आत्या महावितरणात तंत्रज्ञ, तिचा सगळा दिवस खांब, तारा आणि रोहित्रांमध्ये जायचा. ओवाळून झालं, जेवणं झाली आणि थोरल्याचा उतरलेला चेहरा बघून ती कॉम्प्युटरपुढे येऊन बसली.

"कुठे अडतं?"

"फाइली कॉपी होताना."

"दर वेळी एकाच ठिकाणी?"

थोरला गप्प. दाराशी उभी असलेली धाकटी म्हणाली, "नाही आत्या. एकदा निम्म्यावर थांबलं, एकदा अगदी शेवटाला. मी बघत होते."

"मग हे लिहून का नाही ठेवलं? आण बघू वही." आत्याने पदर खोचला. "मला तुमचं लिनक्स कळत नाही, पण फॉल्ट कळतो. फीडर ट्रिप झाला की आम्ही दिसेल तो खांब चढत नाही. मधला स्विच उघडायचा आणि अर्धी लाइन चार्ज करायची. ब्रेकर टिकला तर तो भाग चांगला, फॉल्ट पुढच्या अर्ध्यात. मग त्याचे परत दोन भाग. आता सांग, तुझी फाइल कुठून कुठे जाते?"

थोरल्याने वहीत ओळीने लिहिलं: वेबसाइट, लॅपटॉप, पेनड्राइव्ह, रॅम, हार्ड डिस्क.

"एका वेळी एकच तपासायचं. निघेल ते लगेच लिहायचं. आणि ज्याच्यावर तुझा राग आहे त्याला सगळ्यात शेवटी हात लावायचा."

डाउनलोड केलेल्या फाइलीची शा-256 बेरीज लॅपटॉपवर काढली. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी ही 64 अक्षरी बेरीज पार बदलते. धाकटीने बोट ठेवून एकेक अक्षर वेबसाइटवरच्या बेरजेशी ताडून पाहिलं. जुळली. मग तीच फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतली आणि लॅपटॉपवरच पुन्हा बेरीज काढली. तीही जुळली. वहीतल्या पहिल्या तीन नावांपुढे बरोबरची खूण झाली.

आता तोच पेनड्राइव्ह डेस्कटॉपला लावला. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू केलं आणि बेरीज काढली. जुळेना. मशीन बंद करून परत सुरू केलं, परत बेरीज काढली. या वेळी तिसराच आकडा आला, पहिल्याशीही न जुळणारा.

थोरला खुर्चीत ताठ झाला. "फाइल तीच, पेनड्राइव्ह तोच, आणि उत्तर दर वेळी वेगळं. म्हणजे फाइल चांगली आहे. वाचल्यावर ती जिथे ठेवली जाते तिथे काहीतरी बिघडतंय."

हार्ड डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद पाहिली, तर एकही सेक्टर बाद झालेला नव्हता. बाबांची हजारोंची खरेदी तिथेच टळली.

राहिली रॅम. रात्री मेमटेस्ट लावला. हा प्रोग्राम रॅमच्या घराघरात ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचून बघतो. थोड्याच वेळात निळ्या पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. आत्या म्हणाली, "आता इथेही दोन भाग कर." मशीनचा प्लग काढून दोन्ही पट्ट्या बाहेर घेतल्या. पहिली एकटीच लावली: एकही लाल ओळ नाही. त्याच खाचेत दुसरी लावली: लाल. मग चांगली पट्टी दुसऱ्या खाचेत लावून पाहिली: स्वच्छ. म्हणजे खाचा दोन्ही ठीक, खराब होती ती दुसरी पट्टी. सकाळी उरलेल्या चार जीबीवर मिंट पहिल्याच फटक्यात बसलं.

बाबांना तरी पटेना. "रॅम खराब होती, तर इतके दिवस विंडोज कशी चालत होती?"

"चालत होती बाबा, पण सांगत नव्हती. निळा पडदा यायचा तेव्हा आपणच बटण दाबायचो," थोरला म्हणाला. "इन्स्टॉलेशनच्या फाइली दाबून बांधलेल्या असतात. एक बिट चुकला तरी तो गठ्ठा उलगडत नाही, म्हणून काम तिथेच थांबतं. साध्या फोटोत एक बिट चुकला तर कॉपी करणारा काही बोलत नाही. तो तसाच चुकीचा..."

बोलता बोलता तो थांबला. बाहेरच्या डिस्कवरचे फोटो याच रॅममधून गेले होते.

त्याने विंडोजमधले मूळ फोटो आणि बाहेरच्या प्रती, दोन्हींच्या बेरजा काढून ताडून पाहिल्या. बहुतेक जुळल्या, काही जुळल्या नाहीत. त्यातला एक उघडला. पंचाहत्तरीला आजी पाटावर बसलेली, वर औक्षणाचं तबक धरलेले हात आणि कपाळाच्या खाली सगळा राखाडी पट्टा. मूळ फोटो विंडोजच्या भागात शाबूत होता. लिनक्स पहिल्याच दिवशी बसलं असतं, तर तो भाग त्याच संध्याकाळी पुसला गेला असता.

थोरल्याने बिघडलेल्या सगळ्या प्रती नव्याने केल्या आणि प्रत्येकीची बेरीज जुळवून घेतली. मग बाबा म्हणाले, "आपण ज्याला शिव्या देत होतो, त्यानेच हे वाचवलं."

आत्या म्हणाली, "दादा, आमच्याकडे रोज हेच. वीज गेली की लोक सबस्टेशनला फोन करून ब्रेकरच्या नावाने ओरडतात. ब्रेकर पडतो कारण कुठेतरी फॉल्ट असतो, कधी एखादी तार तुटून पडलेली असते. तो पडू नये म्हणून बांधून ठेवला, तर त्या तारेवर माणूस मरेल. ट्रिप होणारा ब्रेकर त्याचं काम करत असतो. आपण आपलं करायचं: फॉल्ट शोधायचा."

बिघाड सांगणारा आणि बिघाड करणारा एकच असेल असं नाही. दुकानाच्या हिशेबात तूट दाखवणारा नोकर, शाळेत काय चाललंय ते घरी येऊन सांगणारं मूल, पाण्याला वास येतोय म्हणून तक्रार करणारी शेजारीण: आपला पहिला राग यांच्यावरच निघतो, कारण आपल्यासमोर तेच उभे असतात. त्यांना गप्प केलं की घर शांत होतं, पण बिघाड आतल्या आत चालूच राहतो. म्हणून अडवणाऱ्याला आधी विचारावं, तुला काय दिसलं? मग वही घ्यावी, एका वेळी एकच गोष्ट तपासावी आणि जी निर्दोष ठरेल तिच्यावरचा संशय मोकळ्या मनाने काढून टाकावा. दोष अशानेच सापडतो, आणि विनाकारण कुणाच्या माथी मारला जात नाही.