युधिष्ठिराच्या मागचं कुत्रं

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातला इंद्र मला कधीच मूर्ख वाटला नाही. शाळेत संस्कृत शिकवताना ही गोष्ट सांगितली की सगळी पोरं युधिष्ठिराच्या बाजूची. इंद्राच्या बाजूने बोलायला कुणी उठायचं नाही. वास्तविक त्याचा मुद्दा बिनतोड आहे. हिमालयाच्या वाटेवर आधी द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम, आणि हा गृहस्थ मागे वळून न बघता चालत राहिला. आता स्वर्गात न्यायला इंद्राचा रथ दारात उभा असताना एका कुत्र्यासाठी अडून बसतोय. बायको सोडलीस, भाऊ सोडलेस, मग याला सोडायला काय झालं?

हरण्या गेल्यानंतर हा प्रश्न माझ्याच घरात येऊन बसला. हरण्या म्हणजे मेणवलीच्या रस्त्यावर सापडलेलं, हरणाच्या रंगाचं गावठी पिल्लू. ह्यांच्या माघारी या घरात माझ्या जोडीला तेवढा एकच जीव होता. म्हातारपणी त्याच्या किडन्या गेल्या. कातडीखाली सलाईन लावायला मी शिकले, दहीभात बोटाने चाटवला, आणि एका पहाटे तो गेला. दिरांच्या शेतात, बांधावरच्या आंब्याखाली त्याला पुरलं.

कुत्र्याचं सूतक नसतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सूतक नाही म्हणजे सूतक फिटणंही नाही. ह्यांच्या वेळी शेजारपाजारच्या घरांतून पिठलंभाताचे डबे आले, दहावं झालं, तेरावं झालं, आणि मग गोडाचं जेवण करायला लावून लोकांनी मला जवळजवळ ढकलतच पुन्हा ओट्यापाशी उभं केलं. रूढींना आपण नावं ठेवतो, पण रडणं कधी आवरतं घ्यायचं हे माणसाला एकट्याने ठरवावं लागू नये, ही सोय त्यांनी करून ठेवली आहे. हरण्यासाठी ती सोय नव्हती. ‘कुत्रंच तर होतं, बाई,’ असं म्हणून लोक पुढे जायचे, आणि दुसरं कुत्रं आणायचा विषय निघाला की माझ्याच मनात यायचं, त्याची वाटी दुसऱ्याला द्यायची? इतक्यात?

त्याच सुमाराला साताऱ्याहून फोन आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथल्या पोरांबरोबर रस्त्यावरच्या जनावरांचं काम करते. बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये एक कुत्री साखळीला बांधलेली सापडली होती. मालक शेड सोडून गेला होता, कुत्री तिथेच. ‘बाई, थोडे दिवस ठेवाल का?’

ती कुत्री म्हणजे ठमी. तिच्या गळ्याची गोष्ट सांगितली पाहिजे. पिल्लू असताना कुणीतरी तिच्या गळ्यात नायलॉनचा पट्टा घातला आणि पुढे तो सैल करायचं कुणाला सुचलं नाही. मान वाढली, पट्टा तेवढाच राहिला. कातडी त्याच्यावरून वाढत गेली आणि पट्टा आत रुतला. वरून दिसायची ती फक्त ओली, वास मारणारी चीर, आणि तिच्यात अळ्या. डॉक्टरांनी भूल देऊन तो कापून काढला. माझ्याकडे आली तेव्हा तिथे दोन बोटं रुंदीचं गुलाबी, बिनकेसांचं कडं होतं, आणि त्याला मलम लावायला हात नेला की ती दात न दाखवता, तोंड भिंतीकडे करून गुरगुरायची. 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता रोखण्याच्या कायद्यात आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. तेवढ्यात ती साखळीसुद्धा येत नाही.

आमच्या आळीत आप्पा आहेत. चातुर्मासात भागवत वाचतात, आणि वाचलेलं दुसऱ्याच्या दारात नेऊन लावतात. ठमीला बघून ते पायरीवरच थांबले. ‘बाई, आधी हरण्या, आता ही. जडभरताचं काय झालं ठाऊक आहे ना?’

ठाऊक आहे. राज्य सोडून गंडकीच्या काठी तप करायला गेलेला भरत राजा. गाभण हरिणी पाणी प्यायला आली, सिंहाची डरकाळी ऐकून तिने उडी मारली, गर्भ नदीत पडला, ती मेली. राजाने पाडस उचललं, वाढवलं, आणि जपतप बाजूला राहून त्याचा सगळा जीव त्या पाडसात गुंतला. मरताना डोळ्यांपुढे हरीण होतं, म्हणून पुढचा जन्म हरणाचा. कीर्तनकार इथे थांबतात, टाळ वाजतो, श्रोते मान डोलावतात. आप्पाही तिथेच थांबले. वर म्हणाले, ‘तुम्ही तर नावच हरण्या ठेवलं होतंत!’ या कोटीवर मला हसू आलं हे खरं.

पण पाचवा स्कंध तिथे संपत नाही. तिसऱ्या जन्मी भरत ब्राह्मणाच्या घरी येतो, पुन्हा कशात गुंतायला नको म्हणून वेड्यासारखा, मुक्यासारखा राहतो. एकदा राजा रहूगणाची पालखी उचलायला त्याला धरून नेतात. तो जमिनीवर नजर ठेवून, पायाखाली जीव येणार नाही असं बघून पाऊल टाकतो, म्हणून पालखीला हिसके बसतात आणि राजा त्याला वाट्टेल ते बोलतो. हरणाच्या मोहाची एवढी किंमत मोजलेला माणूस, पण मुंगी चुकवून चालण्याचं त्याने सोडलेलं नाही. मोह गेला आणि हे मागे उरलं. पाडस पाण्यातून काढलं ही भरताची चूक होती असं भागवतही म्हणत नाही. नदीतून काढणं आणि ते क्षणभर दिसलं नाही तर जीव कासावीस होणं, या दोन गोष्टी आप्पा एकाच पिशवीत घालतात.

आता इंद्राकडे वळते. कुत्री बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही, त्याचं यज्ञ-दानाचं पुण्य क्रोधवश नावाचे राक्षस हिरावून नेतात, हेही त्याने बजावलं. युधिष्ठिराचं उत्तर आपण शाळेत अर्धंच सांगतो. शरण आलेल्याला टाकणं हे मित्रद्रोहाइतकंच पाप, हा भाग सगळ्यांना आवडतो. दुसरा भाग कोरडा आहे, जवळजवळ निष्ठुर. मेलेल्यांशी सख्यही होत नाही आणि वैरही होत नाही, असं तो म्हणतो. त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं म्हणून मी पुढे आलो. जिवंत असताना मी त्यांच्यातल्या कुणालाही सोडलं नाही. मी हे वर्षानुवर्षं शिकवलं आणि दरवेळी मला ते पळवाटेसारखं वाटलं. हरण्याची वाटी हातात घेऊन उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा कळलं की तो माणूस रडून झाल्यावर बोलतोय. हरण्याशी मी आता बेइमानी करूच शकत नाही; तो माझ्या बेइमानीच्या पलीकडे गेला. करायची तर ठमीशी करू शकते, आजसुद्धा, नुसतं साताऱ्याला फोन करून.

आणि महाभारतात कुठे लिहिलंय की युधिष्ठिराचं त्या कुत्र्यावर प्रेम होतं? त्याला नाव नाही. त्याच्या डोक्यावरून हात फिरवल्याचा उल्लेख नाही. ते हस्तिनापुरातून मागे लागलं आणि येत राहिलं, एवढंच. ठमीवर माझंही प्रेम नव्हतं. ती भाकरी तोंडात धरून पाण्याच्या टाकीमागे न्यायची आणि माझ्याकडे पाठ करून खायची. मी केरसुणी उचलली की जागेवरच मुतायची. मी फरशी पुसायचे, मलम लावायचे, आणि रात्री हरण्यासाठी रडायचे. आजही हरण्याइतकी ती माझी नाही. तिला ते कळत असलं तर तिने दाखवलेलं नाही.

शेवटी ते कुत्रं साक्षात धर्म निघतं, तिथे मात्र माझा व्यासांशी वाद आहे. कुत्रं कुत्रंच राहिलं असतं तर काय बिघडलं असतं? आपल्याकडे कुत्र्याला कुत्रं म्हणून देवघरात येऊ देत नाहीत. दत्ताच्या पायाशी चार बसलेत, तर ते चार वेद. जेजुरीत तर उलटं, तिथे पूर्वी खंडोबाचे वाघेच कोटंब्यातलं अन्न खात कुत्र्यासारखे भुंकायचे. ठमी कुणीही निघणार नाही.

तिच्यासाठी आदिपर्वाच्या सुरुवातीची गोष्ट जास्त खरी आहे. जनमेजयाच्या यज्ञात त्याच्या भावांनी एका कुत्र्याच्या पिलाला मारलं. त्याची आई सरमा येऊन विचारते, याने हविर्द्रव्य चाटलं नाही, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, मग का मारलंत? कुणाकडेच उत्तर नसतं. तेव्हा ती शाप देते: न दिसणारं भय तुझ्यावर येईल. राजाला तो शाप पुढे किती बाधला ते राहू दे. ते न दिसणारं भय मी रोज बघते, फक्त ते मारणाऱ्याला लागायच्या ऐवजी मार खाणारीला लागलंय. कपाटाची कडी वाजली की साखळी समजून ठमी मोरीत जाऊन बसते.

आप्पांचा दुसरा प्रश्न जास्त अवघड निघाला. गावठी कुत्रं नीट जपलं तर 12-14 वर्षं जगतं, आणि मी सत्तरीला टेकले आहे. ‘तुम्ही आधी गेलात तर तिचं काय?’ यावर ना युधिष्ठिराकडे उत्तर आहे, ना भरताकडे. भरताचं पाडस त्याच्या मरणाच्या वेळी शेजारीच बसलं होतं. पुढे त्याचं काय झालं, याची पोथीला पडलेली नाही. मुलगा बंगळुरूला सातव्या मजल्यावर राहतो. ‘आई, बघू गं तेव्हाचं तेव्हा,’ म्हणतो. दिरांच्या गोठ्यात आधीच तीन कुत्री आहेत, आणि ती हिला जगू देणार नाहीत.

शेवटी मी आप्पांनाच विचारलं, तुम्ही घ्याल का? ते म्हणाले, ‘पोथी संपू दे, मग सांगतो.’ सध्या त्यांचा सातवा स्कंध चालू आहे. आठव्याच्या सुरुवातीलाच गजेंद्रमोक्ष येतो. तेव्हा पुन्हा विचारणार आहे.