सही कोणाची, ओझे कोणाचे?

हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीच्या कोव्हॅक्सिन लसीला ३ जानेवारी २०२१ रोजी तातडीच्या मर्यादित वापराची परवानगी मिळाली. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निष्कर्ष तेव्हा यावयाचा होता. १६ जानेवारीस लसीकरण सुरू झाले व पहिली पाळी आरोग्यसेवकांची आली. ही लस घेणाऱ्यास संमतिपत्रावर सही करावी लागे. लसीची परिणामकारकता अद्याप सिद्ध व्हावयाची आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. लसीमुळे गंभीर अपाय झाल्याचे ठरल्यास कंपनी भरपाई देणार होती.

सरकारने लस ऐच्छिक ठेवली होती. तरी आमच्या मंडळीतील एका परिचारिका भगिनीस तिच्या वरिष्ठांनी बजावले, “सोमवारपर्यंत सही करा, नाहीतर कामावर येऊ नका.” उपासना संपल्यावर तिने मला विचारले, “भाऊ, ही संमती माझी की त्यांची?”

प्रश्न सोपा नव्हे. रुग्ण आपला जीव तिच्या हाती सोपवतो. ‘माझे शरीर, माझी मर्जी’ एवढे म्हणून ख्रिस्ती सेवकाची सुटका होत नाही. परंतु पोटावर पाय देऊन घेतलेल्या सहीला संमती कसे म्हणावे? पुढे चाचणीचा निष्कर्ष अनुकूल आला, हे खरे. पण त्यामुळे जानेवारीतील धाक न्याय्य ठरत नाही.

पौलाने फिलेमोनास लिहिलेले पत्र आठवा. आज्ञा करण्याचा अधिकार असूनही त्याने विनंती केली. चांगले कृत्य दडपणाने नव्हे, राजीखुशीने घडावे अशी त्याची इच्छा होती. शिवाय अनेसिमाचे जे देणे असेल ते त्याने स्वतःच्या नावे मांडावयास सांगितले. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत डॉ. हाफकिन यांनीही आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, मात्र लोकहितासाठी वाजवी मर्यादा घालता येतील, असा निर्णय दिला. म्हणून मालकाने माहिती द्यावी, वेळ द्यावा, स्वतः आधी दंड पुढे करावा. जो नाही म्हणेल त्याला रुग्णांपासून दूरचे काम द्यावे. पगार तोडू नये. आजारी पडेल त्याचा भार उचलावा. जो ओझे उचलणार नाही, त्याने ते दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवू नये.

त्या भगिनीने अखेर लस घेतली. पण चार दिवस मागून, डॉक्टरांना विचारून, प्रार्थना करून. ती सही तिची स्वतःची होती.