लाइप्त्सिगचा गायनाध्यापक
वचन: २ इतिहास ५:१३

शलमोनानें बांधिलेल्या मंदिरांत गाणारे व कर्णे वाजविणारे एका सुरानें परमेश्वराचें स्तवन करूं लागले, तोंच तें मंदिर मेघानें भरून गेलें, असें ह्या वचनांत सांगितलें आहे. जर्मनी देशांतील एका गायकानें आपल्या सटीक शास्त्राच्या प्रतींत ह्या ठिकाणीं स्वहस्तें टिपून ठेविलें कीं, भक्तीनें केलेल्या गायनवादनांत देव आपल्या कृपेसह हजर असतो. त्याचें नांव योहान सेबास्टियन बाख. ती प्रत अमेरिकेंत सेंट लुइस येथील धर्मशिक्षणाच्या शाळेंत जपून ठेविलेली आहे.

बाख १६८५ सालीं आयसेनाख गांवीं जन्मला. ह्याच गांवीं लूथर लहानपणीं शाळेंत जात असे. दहाव्या वर्षीं बाख आईबापांवांचून पोरका झाला व थोरल्या भावानें त्याला सांभाळिलें. पुढें आर्नश्टाट येथें मंदिरांत ऑर्गन वाजविण्याचें काम त्याला मिळालें. १७०५ सालीं बुक्स्टेहूड नामक थोर वादकाचें वादन ऐकण्याकरितां तो शंभर कोसांहून अधिक वाट पायीं चालून ल्यूबेक शहरीं गेला. रजा चार आठवड्यांची. परत आला चार महिन्यांनीं! अधिकाऱ्यांनीं त्याला जाब विचारिला, आणि तो गीतांना अशी विचित्र साथ करितो कीं मंडळी गोंधळून जाते, असाही दोष दिला. हें बोलणें मला अगदींच चुकीचें वाटत नाहीं. मंडळीला गातां येईना, तर वाजविणाऱ्याच्या कौशल्याचा उपयोग काय?

१७२० सालीं तो आपल्या राजाबरोबर परगांवीं गेला असतां घरीं पत्नी वारली. तो परतला तेव्हां तिला मूठमाती देऊन झाली होती. दोन विवाहांपासून त्याला वीस मुलें झालीं. त्यांपैकीं दहाच मोठीं झालीं. मरण व पुनरुत्थान ह्यांवरील त्याचीं गीतें अशा घरांतून निघालीं, हें ऐकणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

१७२३ सालीं तो लाइप्त्सिग येथें तोमास शाळेचा गायनाध्यापक झाला. नगरसभेला प्रथम दुसरे दोघे हवे होते. ते मिळेनात, म्हणून ह्याला घेतलें. आरंभींच्या वर्षांत जवळजवळ दर रविवारीं त्या दिवसाच्या शुभवर्तमानास अनुसरून नवी संगीतरचना करावी, घरच्या माणसांकडून व शिष्यांकडून तिच्या प्रती उतरून घ्याव्या, मुलांकडून ती बसवून घ्यावी, आणि सोमवारीं पुन्हा पुढच्या रविवारच्या चिंतेला लागावें, असा त्याचा क्रम असे. त्यांतील सुमारें दोनशें रचना आज उपलब्ध आहेत. आरंभीं येशूच्या साहाय्याची याचना व शेवटीं केवळ देवाला गौरव, ह्या अर्थाचीं आद्याक्षरें तो लिहीत असे.

उपदेशक बंधूंनो, गाणारे मिळत नाहींत अशी आपली तक्रार असते. १७३० सालीं बाखनें नगरसभेस लिहून कळविलें कीं, माझ्या चोपन्न मुलांपैकीं सतरा कामाचे, वीस अद्याप तयार व्हावयाचे, आणि सतरा अगदीं निरुपयोगी आहेत. त्याच वर्षीं सभासदांनीं त्यालाच कामचुकार ठरवून त्याचें उत्पन्न कमी करण्याचें ठरविलें. बाख स्वभावानें तापट होता. वरिष्ठांशीं त्याचे खटके नेहमींच उडत. तरी रविवार आला म्हणजे जितके गाणारे असत तितक्यांना घेऊन तो उभा राही. मत्तयाच्या शुभवर्तमानावरील त्याची ख्रिस्ताच्या दुःखसहनाची थोर रचना १७२७ सालीं ह्याच मुलांनीं गायिली असावी, असें जाणते मानतात.

१७५० सालीं डोळ्यांवर शस्त्रक्रिया होऊनही त्याची दृष्टि गेली, व २८ जुलै रोजीं तो मरण पावला. त्याची विधवा दहा वर्षांनीं दानधर्मावर दिवस काढीत वारली. ती दुःखसहनाची रचना लोक जवळजवळ विसरून गेले होते. १८२९ सालीं मेंडेल्सझोन नामक वीस वर्षांच्या तरुणानें बर्लिन येथें ती पुन्हा गाववून घेतली. बाखच्या कबरेवर दगडही नव्हता. १९५० सालीं त्याच्या म्हणून मानलेल्या अस्थि तोमासच्या मंदिरांत आणून ठेविल्या. त्याच शाळेचे मुलगे आजही त्या मंदिरांत गातात.