शोध कोणी घ्यावयाचा?

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, अशी एक म्हण मराठीत रूढ आहे. ती आईवर अन्याय करणारी आहे. न रडणाऱ्या मुलाचीच आईला अधिक काळजी वाटते, हा सर्वांचा अनुभव आहे. तथापि ही म्हण खरे तर आईविषयी नाहीच. देणारा आणि घेणारा यांच्या संबंधाविषयीचे एक व्यवहारशास्त्र ती सांगते: ज्याला हवे त्याने मागावे, आणि न मागता मिळाले नाही तर तक्रार करू नये. आपल्या सार्वजनिक जीवनाने हे व्यवहारशास्त्र इतके अंगवळणी पाडून घेतले आहे की त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. अपंग मुलांच्या शिक्षणाचा विचार करू लागले म्हणजे मात्र तो टाळता येत नाही. कारण येथे ज्याला हवे आहे ते मूल आहे, आणि पुष्कळदा त्याला मागता येत नाही; त्याच्या वतीने ज्यांनी मागावयाचे त्या आईबापांना काय मागावयाचे हेच ठाऊक नसते. अशा वेळी मदतीचा आणि माहितीचा शोध कोणी घ्यावयाचा? ज्याला गरज आहे त्याने, की ज्याच्यापाशी ती आहे त्याने?

कायद्याच्या पातळीवर आपण बरीच मजल मारली आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, असा संकल्प संविधानाने १९५० साली केला. त्या ‘सर्व’ शब्दातून अपंग मूल वगळलेले नव्हते. परंतु अपंगांच्या हक्कांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा होण्यास १९९५ साल उजाडले. त्या कायद्याने सात प्रकारची अपंगत्वे मानली होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या कायद्याने ती एकवीस मानली. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांना त्यात स्पष्ट स्थान मिळाले. ज्या मुलाचे अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणित झाले आहे, त्याला सहा ते अठरा या वयात शेजारच्या शाळेत अथवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीनुसार, मोफत शिकण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. शब्दांत पाहता याहून अधिक काय मागावे?

आता या हक्काकडे पायथ्याशी उभे राहून पाहू. आपल्या मुलाला जे होते आहे त्याला नाव आहे, हे आईबापांना प्रथम कळले पाहिजे. मग त्याची तपासणी कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या वारी होते ते कळले पाहिजे. त्या तपासणीतून मिळणारे प्रमाणपत्र हा केवळ एसटीच्या सवलतीचा कागद नसून शिक्षणाच्या हक्काचा दाखला आहे, हे कळले पाहिजे. गावच्या शाळेला आपले मूल नाकारता येत नाही, परीक्षेत त्याला जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, हेही कळले पाहिजे. महाराष्ट्रात सामान्य शाळा एका खात्याकडे, विशेष शाळा दुसऱ्या खात्याकडे, तपासणी तिसऱ्याकडे आणि अंगणवाडी चौथ्याकडे आहे. या चारही दारांवर काय लिहिले आहे ते वाचून त्यांचा परस्परसंबंध लावण्याचे काम शेवटी येऊन पडते ते बहुधा एका आईवर. आणि तिचा तो दिवस मजुरीचा असतो. जो हक्क मिळण्यासाठी आधी इतके जाणावे लागते, तो हक्क जाणणाऱ्यांचा होतो. न जाणणाऱ्यांच्या वाट्याला तो केवळ कायद्याच्या पुस्तकात येतो.

या क्षेत्रातील आपल्या संस्थांचा इतिहास हेच सांगतो. मुंबईत १९४४ साली जय वकील यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने मतिमंद मुलांची शाळा घरीच सुरू केली. मेंदूच्या पक्षाघाताने बाधित झालेल्या मुलीला योग्य शाळा मिळेना, म्हणून मिठू अलूर यांनी परदेशात विशेष शिक्षणाचा अभ्यास केला आणि १९७२ मध्ये मुंबईतच एक केंद्र उभे केले. स्वतःच्या घरातील गरज ओळखून त्यांनी ती इतरांसाठीही भागवली, याबद्दल समाजाने त्यांचे ऋणी राहावे हे योग्यच आहे. पण ऋण मान्य करताना या घटनांचा दुसरा अर्थ नजरेआड होऊ देता कामा नये. जे काम समाजाने आधीच करून ठेवावयास हवे होते, ते एकेका आईला पुन्हा मुळापासून करावे लागले. आणि ते त्यांना करता आले, कारण शिक्षण, साधने आणि पोहोच त्यांच्यापाशी होती. तितकीच माया आणि तितकीच जिद्द असलेली, परंतु पोहोच नसलेली आई त्याच वर्षी याच राज्यात कुठेतरी होती. तिच्या मुलाचे काय झाले, हे इतिहासात लिहिलेले नाही. मुलाचे शिक्षण आईबापांच्या पोहोचेवर अवलंबून राहणे हा दैवाचा भाग आहे असे म्हणता येईल; परंतु दैवाचा वाटा कमी करणे हेच तर न्यायाचे काम आहे.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि साहित्याच्या अभ्यासकाला त्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार असावा. मराठीत अपंगत्वासाठी शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. आंधळा, बहिरा, मुका, लंगडा, खुळा हे शब्द आपण शिव्यांसाठी आणि म्हणींसाठी सढळपणे वापरले. पुढे सुधारणेच्या काळात अपंग, विकलांग, मूकबधिर, मतिमंद हे सभ्य शब्द आले. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि तो सरकारी पाट्यांवर चढला. या सर्व शब्दांमध्ये एक साम्य आहे. ते माणसाला ठेवलेली नावे आहेत. त्याच्या गरजेचे वर्णन त्यांत नाही. एकाच वयाच्या दोन मुलांना ‘मतिमंद’ म्हटल्याने कोणाला कसे शिकवावे याविषयी काहीच कळत नाही. ‘दिव्यांग’ म्हटल्याने तर एवढेही कळत नाही. उलट दिव्य असलेल्याला मदत कसली हवी, असा एक सोयीस्कर गैरसमज त्यातून होऊ शकतो. दुसरीकडे गरजेचे नेमके वर्णन करणारी परिभाषा आहे ती बहुतांशी इंग्रजीत, आणि ती मराठीत येते तेव्हा इतकी संस्कृतप्रचुर असते की ‘त्याला अक्षरे उलटी दिसतात’ एवढेच सांगू शकणाऱ्या आईला ‘विशिष्ट अध्ययन-अक्षमता’ हा आपल्याच मुलाविषयीचा शब्द आहे असे वाटत नाही. ज्या भाषेत आई प्रश्न विचारते त्या भाषेत उत्तर नसेल, तर माहिती उपलब्ध आहे हे विधान तांत्रिकदृष्ट्या खरे आणि नैतिकदृष्ट्या पोकळ ठरते.

शब्द आणखी एक गोष्ट लपवतात. दृष्टिहीन विद्वानाला आपण ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतो. विदर्भातील गुलाबराव महाराजांना (१८८१–१९१५) ही उपाधी लाभली. अगदी तान्हेपणी दृष्टी गेलेल्या या पुरुषाची ग्रंथरचना थक्क करणारी आहे. इंग्रजी कवी मिल्टन १६५२ पर्यंत पूर्ण अंध झाला होता. त्याचे महाकाव्य १६६७ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा उदाहरणांनी आपण भारावतो आणि प्रतिभा सर्व अडथळ्यांवर मात करते, असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. परंतु मिल्टनच्या ओळी कोणीतरी उतरवून घेत होते. जो ग्रंथकर्ता स्वतः पाहू शकत नाही, त्याच्या ग्रंथामागे वाचून दाखवणारा कंठ आणि लिहून घेणारा हात असतोच. ‘प्रज्ञाचक्षू’ या गौरवात तो हात दिसेनासा होतो, आणि तो दिसेनासा झाला की प्रज्ञा नसलेल्या साध्या मुलासाठी तो हात देण्याची जबाबदारीही आपण विसरतो. ब्रेल लिपीची पद्धती १८२९ साली छापली गेली, ती असामान्यांसाठी नव्हे; कोणत्याही अंध मुलाला कोणाच्या मेहेरबानीवाचून वाचता यावे यासाठी. भारतीय भाषांसाठी तिचे समान रूप १९५१ मध्ये स्वीकारले गेले. वाचून दाखवणाऱ्या कंठाचे काम त्या लिपीने समाजाच्या सामायिक मालमत्तेत जमा केले. माहितीच्या बाबतीत नेमके हेच घडावयाचे राहिले आहे.

मग शोध कोणी घ्यावयाचा, या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेत आहे काय? मला ते ताराबाई मोडकांच्या कामात दिसते. बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे काम करताना त्यांना असे आढळले की आदिवासी मुले शाळेत येत नाहीत. मुलांना आणि पालकांना दोष देणे सोपे होते. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला, आणि १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला. एका शब्दात सामावलेला हा नैतिक सिद्धान्त आहे: अंतर तोडण्याचे काम ज्याच्या पायांत बळ आहे त्याचे. आणखी एक दुवा येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. ताराबाईंनी ज्या माँटेसोरी पद्धतीचे भारतीयीकरण केले, तिची साधने मारिया माँटेसोरीने प्रथम रोममधील मतिमंद मुलांबरोबर काम करताना घडवली, आणि तिच्यापुढे इटार्ड व सेगँ या फ्रेंच वैद्यांनी अशाच मुलांसाठी केलेले प्रयोग होते. आज सुखवस्तू घरांतील मुले बालवाडीत ज्या लाकडी ठोकळ्यांशी खेळतात, ते त्यांना अपंग मुलांकडून मिळालेले देणे आहे. उपकार कोण कोणावर करीत आहे, हे ठरवण्यापूर्वी एवढा हिशेब मांडावयास हवा.

या कसोटीवर आजच्या तरतुदी तपासून पाहाव्यात. २०१६ च्या कायद्याच्या सतराव्या कलमात, दर पाच वर्षांनी मुलांचे सर्वेक्षण करून अपंग मुले व त्यांच्या गरजा शोधाव्यात, असे शासनावर बंधन आहे. शोधाची जबाबदारी मुलाकडून शासनाकडे आणणारे हे मोलाचे कलम आहे. परंतु त्यातील शब्दप्रयोग ‘शाळेत जाणाऱ्या मुलांचे सर्वेक्षण’ असा आहे. जे मूल शाळेपर्यंत पोहोचलेच नाही, ते या कलमाच्या दृष्टीच्या बाहेर राहते. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. हाही मूळ हेतू सहानुभूतीचाच. मात्र शाळेने अंगणात जाणे आणि मुलाला घरात ठेवून शाळेने सुटका करून घेणे, या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिक्षक खरोखर येतो की केवळ पटावर नाव राहते, यावर तो ठरतो.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. शासनाने दारोदार जाऊन अपंग मुले शोधावीत, हे म्हणणे त्या मुलांवर शिक्का मारण्याचे निमंत्रण ठरणार नाही काय? नावनोंदणीतून कलंक वाढल्याची उदाहरणे थोडी नाहीत, आणि ज्या घरात धाकट्या बहिणीचे लग्न ठरावयाचे आहे त्या घराला ही भीती निराधार वाटणार नाही. आक्षेपात तथ्य आहे; परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष शोध थांबवण्याचा नाही. नोंद आणि शोध यांतला भेद ओळखण्याचा तो निष्कर्ष आहे. नोंद करणारा मोजतो आणि निघून जातो. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या. ती नोंद होती, आणि ती आवश्यकही होती. शोध घेणारा मात्र काहीतरी हातात घेऊन येतो आणि पुन्हा येतो. तो ‘याला काय झाले आहे’ एवढेच विचारीत नाही; ‘याला शिकण्यासाठी काय लागेल’ हे विचारतो, आणि उत्तर ऐकून घेतल्यावर ते देण्यास बांधला जातो. रिकाम्या हाताने आलेल्याला दार न उघडण्याचा अधिकार कुटुंबाला आहेच.

असा शोधक अस्तित्वात आणणे अशक्य नाही. सहा वर्षांखालील मुलांच्या घरांपर्यंत पोहोचणारी अंगणवाडीसेविका गावोगाव आहे. मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली पालघर येथे सुरू झाला; ताराबाईंचे कोसबाड आज त्याच नावाच्या जिल्ह्यात आहे. विशेष शिक्षकांचे प्रमाण काय असावे, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक असा निर्देश दिला. उणीव आहे ती या माणसांना एकमेकांशी जोडणारी आणि आईच्या भाषेत बोलणारी व्यवस्था असण्याची. तपासणी करणाऱ्याने शाळेला कळवावे, शाळेने शिक्षक मागावा, आणि आईच्या हाती तिला वाचता येईल किंवा कोणी वाचून दाखवील असा एक कागद असावा. त्यावर पुढच्या पायरीचे ठिकाण, वार आणि भेटावयाच्या माणसाचे नाव असावे. मागणी इतकी साधी आहे. तिच्या साधेपणामुळेच ती अपूर्ण राहणे अधिक अक्षम्य ठरते.

साहित्यिकांचा आणि भाषेच्या अभ्यासकांचा वाटाही यात आहे. तो कागद कोणत्या मराठीत लिहावा, अहिराणी किंवा वारली बोलणाऱ्या आईला तो कसा सांगावा, हा शासनाच्या भाषांतरकारावर सोपवून देण्याचा प्रश्न नव्हे. परिभाषा घडवण्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या विद्वत्ता खर्च केली. तिचा काही अंश, जिला विचारताच येत नाही तिच्या प्रश्नाला शब्द देण्यासाठी खर्च व्हावयास हवा. न रडणारे मूलही भुकेले असते, आणि त्याची भूक आपल्याला ठाऊक आहे. ठाऊक असलेल्याला वाट पाहत बसण्याचा अधिकार उरत नाही.