कुलूपबंद ग्रंथालयातला कॉम्प्युटर

एका कॉलेजात नेटवर्क सांभाळणारा एक तरुण होता. कामाला चोख, पण यादीवर भारी भरवसा. वाय-फायवर फुकटे वाढले तेव्हा प्राचार्यांनी त्याला बजावलं, "नोंदवलेल्या यंत्रांखेरीज कुणाला आत घेऊ नका."

त्याने कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारा फ्रीरेडियस सर्व्हर उभा केला. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच बारा अंक-अक्षरांचा मॅक पत्ता मिळतो. असे सगळे पत्ते त्याने फायलीत उतरवले. यादीत असेल तो आत, नसेल तो बाहेर. पहिल्या दिवशी सगळेच बाहेर राहिले! फायलीत पत्ते स्मॉल अक्षरांत, मधे कोलन. वाय-फाय पुरवणारा ॲक्सेस पॉइंट पाठवी ते कॅपिटलमध्ये, मधे आडव्या रेघा. सर्व्हरच्या लेखी ते दोन निराळे पत्ते. आलेला पत्ता आधी एका साच्यात बसवायचा नियम त्याने लिहिला आणि गाडं रुळावर आलं. पुढे नवे मोबाइल अडले, कारण ते मूळ पत्ता झाकून भलताच सांगतात. तेही निस्तरलं. तरुण निर्धास्त झाला.

मग ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरचं वाय-फाय सारखं तुटू लागलं. लॉग उघडला, तर रात्री साडेअकराला तोच कॉम्प्युटर जोडलेला, आणि तोही वसतिगृहाच्या ॲक्सेस पॉइंटवर.

"मामा, काल रात्री ग्रंथालय उघडं होतं का?"

"छे! सहाला मीच कुलूप लावतो, सर. किल्ली माझ्याकडंच असते," शिपाईमामा म्हणाले.

वाय-फायला पासवर्ड असला तरी हवेतून जाणारा मॅक पत्ता उघडाच असतो. वसतिगृहातल्या एका पोराने तो टिपून आपल्या लॅपटॉपवर चढवला होता. (पोरगं हुशार, यात वाद नाही.)

सगळं ऐकून मामा म्हणाले, "म्हणजे तुमचा दरवान नाव विचारतो आणि सांगेल त्या नावावर सोडतो. नाव काय, कुणीही कुणाचंही सांगेल. ओळख पटवायला नको?"

तरुणाला आधी राग आला, मग पटलं. लॅपटॉप-मोबाइलना त्याने स्वतंत्र प्रमाणपत्रं दिली. त्यांची गुप्त किल्ली यंत्रातच राहते, हवेत जात नाही. यादी मात्र पुसली नाही. जुन्या प्रिंटरांना प्रमाणपत्र वापरता येत नाही, म्हणून ती आता तेवढ्यांपुरतीच आहे. त्यांचं नेटवर्कही वेगळं काढलंय, आणि तिथून ऑफिसच्या हिशेबाकडे वाट ठेवलेली नाही.